गळतीचं कोटेशन मागवण्याआधी: सोसायटीच्या नव्या कमिटीसाठी प्रश्न नीट मांडण्याची पद्धत

मुंबईत सोसायटीच्या कमिटीवर नव्याने आलेल्या माणसाच्या पुढ्यात पहिली येते ती गळती. छताला ओल, भिंतीला पोपडे, जिन्यात टपटप. सभेत विषय निघतो आणि पाच मिनिटांत कुणीतरी म्हणतं, "टेरेसचं वॉटरप्रूफिंग करून टाका, कटकट मिटेल." माना डोलतात, तीन कोटेशनं मागवायचं ठरतं आणि इतिवृत्तात तसं लिहिलंही जातं.

तिथेच थांबा. तुमच्या हातात प्रश्न अजून आलेलाच नाही, थेट उपाय आला आहे. ठेकेदार तुम्ही विचाराल त्याचंच उत्तर देतो. गच्चीचा भाव विचारलात तर गच्चीचा भाव सांगेल. पाणी खरंच गच्चीतून येतंय का, हे शोधायला त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. लाखो रुपये खर्च होतात, पुढच्या जूनमध्ये त्याच घरात तोच डाग उमटतो आणि मग सभेत एकमेकांवर पैसे खाल्ल्याचे आरोप सुरू होतात.

उपनगरातल्या एका जुन्या सोसायटीच्या कमिटीत काम करताना मी हे सगळं जवळून पाहिलं आहे. खाली जी पद्धत देतो आहे ती गळतीच्या उदाहरणाने सांगितली आहे, पण लिफ्ट, पार्किंग, पाणीटंचाई, कुठल्याही तक्रारीला ती चालते. पाण्याचं उदाहरण शेवटी दिलं आहे.

आधी एक अपवाद. स्लॅबचे तुकडे पडत असतील, गंजलेल्या सळ्या उघड्या दिसत असतील, कॉलमला तडा गेला असेल किंवा दिव्याच्या पॉइंटमधून पाणी ठिबकत असेल, तर यातलं काहीही करत बसू नका. त्या खोलीची वीज तोडणारा एमसीबी स्विच बंद करा, खोली रिकामी करा आणि त्याच दिवशी स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा. परिस्थिती हाताबाहेर जाते आहे असं वाटलं तर महापालिकेचा आपत्कालीन क्रमांक १९१६.

जवळ काय हवं

– इमारतीचा मंजूर नकाशा. मिळत नसेल तर प्रत्येक मजल्याची हाताने काढलेली आकृती.
– सोसायटीने स्वीकारलेल्या उपविधींची, म्हणजे कारभाराच्या नियमांची, प्रत.
– आधीच्या दुरुस्त्यांची बिलं, ठराव आणि गॅरंटीची पत्रं. गॅरंटी शिल्लक असेल तर ती मोडेल असं काही करू नका.
– शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल. इमारतीला ३० वर्षं होऊन गेली असतील तर हे ऑडिट कायद्यानेच बंधनकारक आहे.
– एक शंभर पानी वही, पेन्सिल, मोजपट्टी, खडू.
– पारदर्शक प्लास्टिक, चिकटपट्टी आणि खाण्याचा रंग. कशासाठी, ते पाचव्या पायरीत.

१. तक्रार ज्याची, शब्द त्याचे

तक्रार ऐकायला सेक्रेटरीने किंवा कमिटीतल्या कुणीतरी त्या घरी स्वतः जावं. ग्रुपवर आलेल्या फोटोत डाग दिसतो, पण तो ओला आहे की सुकलेला, हाताला गार लागतो का, वास येतो का, हे कळत नाही.

घरात दिवसभर कोण असतं ते विचारा आणि त्या व्यक्तीशी बोला. आजी असतील, कामाला येणाऱ्या मावशी असतील. ऑफिसला जाणारा माणूस "रात्री गळतं" म्हणतो, कारण तो घरी रात्रीच असतो. त्याच्या शब्दावर विसंबलात तर तपास पहिल्याच दिवशी चुकीच्या वाटेला लागेल.

बोलताना लोक हमखास निष्कर्ष सांगतात. "अहो, वरच्यांचं बाथरूमच गळतंय, दुसरं काय असणार?" वाद घालू नका, मान्यही करू नका. "असेलही, काकू. तुम्हाला काय दिसलं, कधी दिसलं, तेवढं मला सांगा." हे वाक्य पाठ करून ठेवा. त्याच्या जोरावर अर्धी भांडणं टळतात.

२. दिसलं काय, वाटतं काय, करा काय

वहीच्या पानावर तीन रकाने आखा आणि आलेलं प्रत्येक वाक्य त्यांपैकी एका रकान्यात टाका. "हॉलच्या छताला दोन फुटांचा ओला डाग आहे" हे दिसलं. "गच्चीचा कोबा फुटलाय" (कोबा म्हणजे स्लॅबवर पाणी अडवायला घातलेला थर) हे वाटतं. "केमिकल कोटिंग मारा" हे करा. पहिल्या सभेनंतर बहुतेक वेळा दुसरा आणि तिसरा रकाना भरून वाहत असतो आणि पहिल्यात जेमतेम दोन ओळी असतात. कमिटीचं पुढचं काम म्हणजे तो पहिला रकाना भरणं.

ही घाई माणसाला किती महागात पडते याचं उदाहरण याच शहरात घडलं आहे. १८९६ मध्ये मांडवीत डॉ. व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. रोग घाणीतून, कोंदट हवेतून पसरतो अशी तेव्हा अधिकाऱ्यांची धारणा होती. म्हणून गटारं समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिकने धुतली गेली, घरांना चुना फासला गेला, छपरं उघडून ऊन आत घेतलं गेलं. मेहनत प्रचंड होती, पण ती सगळी "वाटतं काय" या रकान्यावर उभी होती. मरून पडणारे उंदीर लोकांना दिसत होते, तरी तपासाची दिशा लगेच तिकडे वळली नाही. उंदरांवरच्या पिसवा हा रोग पसरवतात हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. त्यावरचं पुढचं संशोधन परळच्याच प्रयोगशाळेत झालं. आज ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

३. कुठे आहे, आणि कुठे नाही

डागाच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. आठवड्याने पुन्हा बघा. डाग वाढला की तिथल्या तिथे आहे, यावर कुणाचं दुमत उरत नाही.

मग वरच्या, खालच्या आणि दोन्ही बाजूंच्या घरांत जा. तिथे ओल नसेल तर तेही लिहून ठेवा. "नाही" ही नोंद "आहे" इतकीच मोलाची असते, आणि ती कुणीच करत नाही. फक्त शेवटच्या मजल्यावरच्या घरांत ओल असेल तर संशय गच्चीवर. एकाखाली एक असलेल्या बाथरूमच्या भिंतींना मजल्यामागून मजला ओल असेल तर डक्टमधले, म्हणजे पाइपांसाठी ठेवलेल्या उभ्या पोकळीतले, पाइप. फक्त पश्चिम आणि नैऋत्येकडच्या भिंतींना असेल तर बाहेरचं प्लास्टर, छज्जे, खिडक्यांचे सांधे, कारण आपल्याकडे पावसाळी वारा त्याच बाजूने येतो आणि पाऊस भिंतीवर झोडपतो.

इथे एक गोष्ट लक्षात असू द्या. डाग जिथे आहे तिथूनच पाणी शिरतं असं नाही. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी वायरिंगच्या पाइपमधून, पंख्याच्या हुकापाशी, बीमच्या कडेने वाट काढतं आणि चार-सहा फुटांवर बाहेर पडतं. डागाच्या बरोबर वरची लादी उखडायला निघालेल्या प्लंबरला म्हणूनच आधी थांबवा.

४. केव्हा? यासाठी नोंदवही

सगळ्या पायऱ्यांत सर्वांत जास्त हाती लागतं ते या पायरीत, म्हणून इथे वेळ द्या. ज्या घरात गळती आहे तिथे एक कागद भिंतीला लावा. रोज सकाळी आणि रात्री चार गोष्टी लिहायच्या: थेंब येतात की नाही, पाऊस होता का, वारा होता का, आणि वरच्या घरात त्या वेळी पाणी वापरलं जात होतं का. शक्य असेल तर वॉचमनकडून वरची टाकी भरण्याची वेळही लिहून घ्या.

पाऊस होता की नाही हे आपल्या इमारतीवर पाहून लिहा, बातम्यांवरून नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा नाही. "मुंबईत काल जोरदार पाऊस झाला" या वाक्यावरून तुमच्या गच्चीवर काय झालं ते कळत नाही.

दोनेक आठवड्यांत कागदावर एक लय दिसायला लागते. ती अशी वाचा:

– उन्हाळ्यातही सतत, एकाच गतीने ठिबकत असेल तर बहुधा भिंतीतला पुरवठ्याचा पाइप. त्यात दाब कायम असतो.
– वर कुणी अंघोळ केली, कपडे धुतले की थोड्या वेळाने येत असेल तर सांडपाण्याची बाजू: नाहणी ट्रॅप (बाथरूमच्या जमिनीतलं पाणी जाण्याचं तोंड), लाद्यांच्या फटी, कमोडचा सांधा.
– पाऊस सुरू झाल्यावर काही तासांनी येऊन, पाऊस थांबल्यावरही रेंगाळत असेल तर गच्ची. पाणी आधी कोब्यात मुरतं, मग खाली उतरतं.
– वाऱ्यासकट पावसात लगेच येत असेल तर बाहेरची भिंत किंवा खिडकी.
– टाकी भरण्याच्या वेळेला येत असेल तर टाकीचा ओव्हरफ्लो किंवा टाकीजवळचे पाइप.

ही चिन्हं आहेत, निकाल नव्हे. दोन कारणं एकाच वेळी असू शकतात, आणि जुन्या इमारतींत ती बऱ्याचदा असतात.

आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या स्वयंपाकघरात, ओट्याच्या वर, खिडकीच्या बाजूच्या कोपऱ्यात ओल यायची. सगळ्यांचं बोट वरच्या घराकडे. दोन कुटुंबांचं बोलणं जवळजवळ बंद झालेलं. काकूंनी कागद लावला नाही, भिंतीवरच्या कॅलेंडरातच खुणा करायला लागल्या: थेंब आले की बरोबरची खूण, नाही आले की फुली. गणपतीला वरचं कुटुंब कोकणात गावी गेलं, घराला कुलूप, पाण्याचा मेन कॉक बंद. तरी बरोबरच्या खुणा चालूच. आणि एक दिवस संततधार होती पण वारा अजिबात नव्हता, त्या चौकटीत फुली. दोन चौकटींनी सगळं सांगितलं. खिडकीवरचा छज्जा भिंतीला मिळतो त्या सांध्यात फट होती. शिडी लावून कारागिराने बोट घातलं तर नख आत गेलं. वरच्या घराची एकही लादी फोडावी लागली नाही.

५. छोट्या चाचण्या, फोडाफोडीआधी

नोंदवहीने संशय एक-दोन जागांवर आणला की तो चाचणीने पक्का करा. एका वेळी एकच चाचणी. दोन एकत्र केल्यात तर पाणी कशाने आलं ते कळणार नाही.

कॉक बंद करून पाहणं: वरच्या घराच्या परवानगीने त्यांचा पुरवठा रात्रभर बंद ठेवा. थेंब मंदावले तर पुरवठ्याचा पाइप. फरक नसेल तर तो पाइप संशयातून बराचसा सुटला.

रंगाचं पाणी: बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून नाहणीत ओता. खाली रंगीत थेंब आला तर पुरावा डोळ्यांसमोर. मात्र रंग दिसला नाही म्हणून नाहणी लगेच निर्दोष ठरवू नका. झिरपायला वेळ लागतो आणि सिमेंटमधून जाताना रंग फिका पडतो.

प्लास्टिकचा तुकडा: ओल्या भिंतीची एक फूटभर जागा कोरड्या फडक्याने पुसून त्यावर पारदर्शक प्लास्टिक चारही बाजूंनी चिकटवा. एक-दोन दिवसांनी थेंब खोलीकडच्या बाजूला असतील तर ती हवेतली वाफ आहे, भिंतीमागच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येते आहे. एसीच्या खोलीत किंवा वारा नसलेल्या बाथरूमशेजारी ही चाचणी आधी करा, कारण तिथे गळती नसतानाही बुरशी धरते.

पाणी तुंबवून पाहणं: बाथरूममधलं किंवा गच्चीवरचं पाणी जाण्याचं तोंड बंद करून एक-दोन इंच पाणी साठवायचं आणि २४ तास किंवा जास्त ठेवून पातळी व खालचं छत पाहायचं. बाथरूमपुरतं ठीक आहे. गच्चीवर मात्र इंजिनीअरला विचारल्याशिवाय करू नका. १०० चौरस फुटांवर एक इंच पाणी म्हणजे सुमारे २३५ किलो वजन, आणि जुन्या स्लॅबवर हा भार हजार-दोन हजार चौरस फुटांवर पडतो.

६. काम कुणाचं, खर्च कुणाचा

हे ठरल्याशिवाय प्रश्न पुरा मांडला गेला असं होत नाही. आदर्श उपविधींनुसार (सरकारने सोसायट्यांना दिलेल्या नमुना नियमांनुसार) पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या लाइनची गळती ही सोसायटीची जबाबदारी. घरातल्या संडास, बाथरूम, सिंक वगैरेंमुळे होणारी गळती संबंधित सभासदाने स्वखर्चाने दुरुस्त करायची. तुमच्या सोसायटीने उपविधी कोणत्या रूपात स्वीकारले आहेत ते आपल्या प्रतीत वाचा, ऐकीव माहितीवर पत्र लिहू नका.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी कारण, मग जबाबदारी. उलटं केलंत, म्हणजे "खर्च वरच्यांनीच करायचा" असं आधी ठरवलंत, तर वरचं कुटुंब चाचणीला दार उघडणार नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही उघडलं नसतं.

७. प्रश्न चार ओळींत लिहा

आता लिहायला बसा. "बी विंगमध्ये लीकेज आहे" यातून कुणालाच काही करता येत नाही. "टेरेसचं वॉटरप्रूफिंग खराब झालं आहे" हा तर तुम्ही न तपासलेला निष्कर्ष आहे. नीट मांडलेला प्रश्न साधारण असा दिसतो:

"बी विंग, तिसरा मजला, पश्चिमेकडच्या घराच्या स्वयंपाकघरात खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात दीड फूट बाय एक फूट ओल. जूनपासून, फक्त वाऱ्यासह पाऊस असताना. वरच्या घराचा पाणीपुरवठा बंद असतानाही येते. वरच्या, खालच्या व शेजारच्या घरांत ओल नाही."

यात उपाय नाही, कुणाला दोष नाही, "बहुतेक" आणि "नेहमीच" असे शब्द नाहीत. हे लिहिलेला कागद इमारत कधी न पाहिलेल्या माणसाला दाखवा. त्याने "कुठे?" किंवा "कधी?" असं विचारलं, तर तेवढं अजून शोधायचं राहिलं आहे.

एक सापळा "का" या प्रश्नाचा. टोयोटाच्या कारखान्यांत एका बिघाडामागे पाच वेळा "का" विचारण्याची रीत प्रसिद्ध आहे आणि ती चांगलीच आहे. पण सोसायटीच्या सभेत तिसऱ्या "का"लाच गाडी माणसांवर येते: "मागच्या कमिटीने काम नीट केलं नाही म्हणून." प्रत्येक "का"च्या उत्तराला नोंदवहीतली एक नोंद मागा. नोंद नसेल तर तिथे थांबा.

८. काम झालं हे कशावरून, ते आधीच ठरवा

हे दोन ओळींचं काम आहे, पण कोटेशन मागवण्याआधीच व्हायला हवं. "पुढच्या पावसाळ्यात वाऱ्यासह पाऊस झालेल्या दिवशी या कोपऱ्यात नवी ओल नाही" असं लिहा आणि शेवटच्या हप्त्याचा काही भाग त्या पावसाळ्यापर्यंत राखून ठेवण्याची अट घाला. नाहीतर मार्चमध्ये काम होतं, एप्रिलमध्ये भिंत कोरडी दिसते आणि मेमध्ये सगळे पैसे देऊन मोकळे.

आता कोटेशन मागवा. तिन्ही ठेकेदारांना तोच चार ओळींचा कागद आणि नोंदवहीची झेरॉक्स द्या. तिघांना एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं असल्याने कोटेशनं एकमेकांशी ताडून पाहता येतात. काम मोठं असेल तर आधी स्वतंत्र इंजिनीअर नेमा. जो तपासतो त्यालाच काम द्यायचं नाही, हा नियम पाळा.

पाण्याच्या तक्रारीला हीच पद्धत

"आमच्याकडे पाणी कमी येतं" या एका वाक्यात दोन वेगळे प्रश्न लपलेले असतात: महापालिकेचं पाणी खालच्या टाकीत कमी पडतं, की टाकीतून घरांपर्यंत कमी पोचतं? पहिल्याचं उत्तर वॉर्ड ऑफिसात, दुसऱ्याचं तुमच्याच आवारात.

मुंबईत पाणी भागाभागाला ठरलेल्या वेळी सोडतात. त्या वेळेच्या आधी आणि नंतर मीटरचे आकडे लिहा, आठवडाभर. मीटरवरचं एक युनिट म्हणजे १,००० लिटर. शहरांसाठी माणशी रोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. समजा ४० घरांत १६० माणसं आहेत, तर गरज २१,६०० लिटर, म्हणजे जवळपास २२ युनिट. मीटर रोज २२ दाखवत असेल आणि तरी सातव्या मजल्यावर नळ कोरडा असेल, तर टाकी गळते का, टाकी भरली की पाणी बंद करणारा बॉलकॉक अडकून रात्री ओव्हरफ्लो वाहतो का, डाउनटेकचे (वरच्या टाकीतून घरांकडे उतरणाऱ्या पाइपांचे) व्हॉल्व्ह अर्धे बंद आहेत का, हे आधी पाहा. टँकर मागवून यातलं काही सुटणार नाही.

मीटर नऊ-दहा युनिटच दाखवत असेल तर शहरात पाणीकपात जाहीर झालेली नाही ना ते तपासा. तलावांतला साठा घटला की ती सगळ्यांनाच लागू होते. कपात नसेल तर अर्जाला जोडण्यासाठी तीन गोष्टी तयार ठेवा: आठवड्याचे मीटरचे आकडे वेळेसह, आधीच्या महिन्यांची पाण्याची बिलं, आणि शेजारच्या दोन सोसायट्यांत तेवढ्याच दिवसांत काय आलं त्याची नोंद. शेजारीही कमी येत असेल तर अर्ज तिघांनी मिळून द्या, म्हणजे तक्रार एका जोडणीची न राहता त्या लाइनची होते. शेजारी नीट येत असेल तर तसं स्पष्ट लिहा आणि आपल्या जोडणीची तपासणी मागा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.